केळवण आणि केळवणी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा धान्याची साठवण, बाजार समितीचे नियम किंवा उधारीची वसुली यांपैकी एखाद्या विषयावर माझ्याकडून चार शब्द यावेत, अशीच त्यांची अपेक्षा असणार. चाळीस वर्षे घाऊक धान्याच्या पेढीवर बसलेल्या आणि शालान्त परीक्षेपलीकडे पाऊल न टाकलेल्या माणसाने मुलींच्या शिक्षणावर लिहावे, हा काहीसा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. परंतु ज्या विषयात आपली स्वतःची बाकी निघते, त्या विषयावर बोलण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. त्या अधिकाराने मी हे लिहीत आहे.

आपण बडोद्याची मराठी माणसे दोन भाषांत वावरतो. घरात मराठी, बाजारात गुजराती. या दोन भाषांत कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटणारे दोन शब्द आहेत. लग्न ठरलेल्या मुलीला आप्तेष्टांनी जेवावयास बोलवावे, पाटाभोवती रांगोळी घालावी, तिच्या आवडीचे पक्वान्न वाढावे, याला आपण 'केळवण' म्हणतो. गुजरातीत 'केळवणी' म्हणजे शिक्षण. २००३ पासून गुजरात सरकारने मुलींना शाळेत आणण्यासाठी मोहीम चालविली, तिचे नावच 'कन्या केळवणी'. दोन शब्दांत एका वेलांटीचा फरक. परंतु एका मुलीच्या आयुष्यात हा फरक केवढा मोठा असतो, ते मला माझ्याच मुलीने दाखवून दिले.

तिचे लग्न ठरले तेव्हा ती वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात होती. स्थळ उत्तम होते. "उरलेले वर्ष सासरी जाऊन पुरे करता येईल," असे सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. केळवणे मात्र थाटाची झाली. तिचे ते शेवटचे वर्ष आजतागायत पुरे झालेले नाही. काही वर्षांपूर्वी माहेरी आली असताना ती मला जुन्या वह्या लावण्यास मदत करीत होती. एका वहीशी थांबून ती हसत म्हणाली, "अण्णा, माझ्या केळवणाच्या खर्चाला अडीच पाने लागली आहेत आणि कॉलेजच्या फीला अडीच ओळी." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. वही माझ्याच हस्ताक्षरातली होती. नाकारणार काय?

ज्या नगरीत आपण व्यापार करतो, तिची परंपरा पाहिली तर आपली ही बाकी अधिकच शरमेची ठरते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. त्या सक्तीत मुलीही होत्या, हे विशेष. १९०४ साली याच राज्यात बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४ पासून या शहरात आहे; स्त्रीच्या हाती कौशल्य आले म्हणजे तिच्या शब्दाला घरात वजन येते, हा त्यामागील विचार. त्याच चिमणाबाई १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा होत्या. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ देणारी शब्दरचना बदलून 'सर्व मानव' अशी करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एका शब्दाने काय बदलते, हे त्या जाणत होत्या.

व्यापारी समाजातही असे उदाहरण नाही असे नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसविले नाही, शिकविले. आणि त्या मगनबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईस श्राविकाश्रम चालवून इतर कितीतरी बायकांना शिकते केले. शेठजींनी धर्मशाळा बांधल्या, वसतिगृहे बांधली. परंतु मुलीवर केलेल्या खर्चाएवढे व्याज दुसऱ्या कोणत्या भांडवलावर त्यांस मिळाले असेल, याची मला शंका आहे.

आता अलीकडच्या काळातील, याच शहरातील एक गोष्ट सांगतो. ती आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. 'प्रथम' ही मुंबईत सुरू झालेली सेवाभावी संस्था. मुंबई व बडोदे येथील महापालिकेच्या शाळांत तिने 'बालसखी' नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीत पोचूनही ज्या मुलांस वाचता येत नाही, साधी बेरीज येत नाही, अशी पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला घ्यावयाची आणि शाळेच्या वेळातच रोज दोन तास त्यांस पायापासून शिकवावयाचे. शिकविणारी कोण? त्याच वस्तीतील, माध्यमिक शाळा संपविलेली तरुण मुलगी. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. एका मुलामागे वर्षाचा खर्च त्या वेळच्या हिशेबाने सव्वादोन डॉलर, म्हणजे शंभर रुपयांहून थोडा अधिक.

२००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी या उपक्रमाची काटेकोर परीक्षा केली. पुढे २०१९ साली या दोघांस मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पाहणीत असे दिसले की बालसखी असलेल्या शाळांतील मुलांची प्रगती इतरांहून स्पष्टपणे अधिक झाली आणि सर्वांत मोठा लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांस झाला. बडोद्यात याच्या जोडीला आणखी एक प्रयोग झाला. सरकारने २००० साली शाळांना संगणक दिले होते. त्यांतील बहुतेक खोक्यांत बंद पडून होते. ते बाहेर काढून चौथीच्या मुलांस आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ दिले, एक तास वर्गाच्या वेळात आणि एक तास शाळेपूर्वी किंवा शाळा सुटल्यावर. गणितातील प्रगती त्याहूनही मोठी निघाली. वस्तू होती, जागा होती, मुले होती. उणीव होती ती कुलूप उघडणाऱ्याची.

मात्र जमेची बाजू वाचून दाखवावी आणि नावेची झाकून ठेवावी, हे व्यापाऱ्यास शोभत नाही. त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी आढळल्या. पहिली ही की उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तो लाभ बराचसा विरला. थोडा उरला, परंतु बराच विरला. दुसरी ही की बालसखी सरासरी एकच वर्ष टिकत असे. लग्न ठरले किंवा दुसरी नोकरी लागली की ती काम सोडी. हे वाचले तेव्हा मला माझी अडीच पाने आणि अडीच ओळी आठवल्या.

या दोन गोष्टींतच आपल्यासाठी धडा आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. स्तुत्य आहे, परंतु आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर हा वरच्या थराचा नमुना पाहून माल पास करण्याचा प्रकार आहे. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा कोणीही भरतो. जाणता घेणारा लोखंडी नळी पोत्यात खोल खुपसतो आणि तळाचा दाणा हातावर घेऊन पाहतो. ज्या मुलीचे नाव सत्काराच्या यादीत कधीच येत नाही, जी आठवीनंतर शाळेतून निघून जाते, ती आपल्या पोत्याच्या तळाशी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतची हमी दिली. चौदानंतर? माध्यमिक शाळा दूर, घरी लहान भावंडे, आई कामावर, आणि संध्याकाळी अभ्यासाला बसावे तर एका खोलीत पाच माणसे. बुद्धी कमी पडली म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलींपेक्षा जागा आणि दोन तास कमी पडले म्हणून सोडणाऱ्या अधिक असाव्यात, असे माझे मत झाले आहे.

हे मत फुकटात झालेले नाही. काही वर्षांपूर्वी एका सेवाभावी संस्थेच्या दोन बाई माझ्या पेढीवर आल्या होत्या. शाळा सुटल्यावर वस्तीतील मुलींचा वर्ग घ्यावयाचा होता. दुकानावरची खोली दुपारी चार ते सहा मिळेल काय, एवढीच त्यांची विचारणा. त्या खोलीत रिकाम्या गोण्यांशिवाय काही नव्हते. परंतु जागा एकदा दिली की अडकते, असा आपला व्यापारी संशय. मी अकराशे एक रुपयांची पावती फाडली आणि खोली दिली नाही. त्यांनी नम्रपणे पैसे घेतले, जाताना एक बाई म्हणाल्या, "शेठ, पैशात मुली कुठे बसवू?" आमच्या जुन्या हमालाची मुलगी त्या काळी बापाची वाट पाहत पोत्यांच्या थप्पीवर वही घेऊन बसत असे. त्या वर्षी तिची आठवी झाली. पुढच्या वर्षी ती दिसली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की आईबरोबर घरकामास जाते. गोण्या मात्र त्या खोलीत आणखी चार वर्षे सुखाने नांदल्या.

म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे माझी एक सूचना आहे. आपल्या संघाचे कार्यालय आणि सभागृह दुपारी बंद असते. ते शाळेनंतरच्या दोन तासांसाठी मुलींना द्यावे; आपल्या मुलींना, आणि आपल्या हमालांच्या, मुनीमांच्या, दिवाणजींच्या मुलींनाही. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणास आपल्या घरच्या मुली वेळेवर पोचतील आणि दूरच्या मुलींना अंधारात जावे लागणार नाही, अशी वेळ ऋतूप्रमाणे ठरवावी. शिकविण्याचे तंत्र ज्या संस्थांस येते त्यांच्यावर ते सोपवावे; आपण त्यात लुडबूड करू नये.

मात्र तीन अटी असाव्यात. पहिली, हा उपक्रम किमान पाच वर्षे चालेल एवढी तरतूद आधी बाजूला काढावी. एका वर्षाचा उत्साह वर्षभरात विरतो, हे आपल्याच शहरातील पाहणीने दाखविले आहे. दुसरी, शिकविणाऱ्या मोठ्या मुलीस वेळेवर आणि योग्य पगार द्यावा. सेवा म्हणून तिने स्वस्तात राबावे, ही अपेक्षा ठेवू नये. आपण हमालाची मजुरी बुडवीत नाही, मग शिक्षिकेची का बुडवावी? लग्न ठरल्यावरही तिला काम करता यावे म्हणून तिच्या घरच्यांशी बोलण्यास आपल्यातील वडीलधाऱ्यांनी जावे. शेठजींच्या शब्दाला मान असतो. तो अशा ठिकाणी खर्चावा.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गाची किल्ली, हजेरीची वही आणि किरकोळ खर्चाचा जमाखर्च मुलींच्याच हाती द्यावा. नेतृत्वावर व्याख्याने देऊन कोणी पुढारी होत नाही. माझ्या वडिलांनी मला वयाच्या सोळाव्या वर्षी गल्ल्याची किल्ली दिली. मी चुकलो, पैसे कमी पडले, बोलणी खाल्ली. परंतु किल्ली त्यांनी परत घेतली नाही. त्या किल्लीने मला व्यापारी केले. माझ्या बहिणीस माझ्याहून पाढे चांगले येत होते. तिच्या हाती किल्ली आली ती कोठीच्या खोलीची. मुलींच्या हिशेबात दहा-वीस रुपयांची चूक झाली तर होऊ द्यावी. चूक शोधून काढणे ज्या मुलीस आले, ती उद्या पतसंस्थेत, शाळेच्या समितीत, या संघाच्या कार्यकारिणीतही निर्भयपणे प्रश्न विचारील. आपल्याला ते कधी अडचणीचे होईल, हे मी जाणतो. तरीही व्हावे.

कोणी विचारील, मुलांचे काय? मुलांसाठी सायंकाळी पेढी उघडी असते, मैदान उघडे असते, रस्ता उघडा असतो. मुलींसाठी संध्याकाळी उघडे असते ते स्वयंपाकघर. प्रथम जिथे दार बंद आहे तिथे उघडावे, एवढेच माझे म्हणणे. दुसरे कोणी म्हणतील, शिकलेल्या मुलींना स्थळे मिळत नाहीत. या वयात मी एवढेच सांगू शकतो की न शिकविल्याचा पश्चात्ताप मी भोगला आहे. शिकविल्याचा पश्चात्ताप करणारा बाप मला अद्याप भेटावयाचा आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान अशी दाने सांगितली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्याला आहारदान सोपे, कारण ते त्याच्या कोठारातच असते. ज्ञानदान अवघड वाटते, कारण त्याचे कोठार आपल्यापाशी नाही अशी आपली समजूत. परंतु ज्याच्यापाशी एक रिकामी खोली आहे, त्याच्यापाशी ते कोठार आहे.

माझ्या दुकानावरची खोली मागील महिन्यात मी रिकामी करवून घेतली. भिंतींना चुना दिला, पंखा लावला, एक फळा आणला. ती खोली संघाने या कामी घ्यावी. किल्ल्या दोन आहेत. एकही मी माझ्याजवळ ठेवणार नाही.