चाकावरची शाळा : उतारावरचा चहा



मागच्या खेपेला पंक्चर काढायला शिकलो, त्यावर बरीच पत्रं आली. एकाने एवढंच लिहिलंय, 'बाई, चढ कसा चढायचा? मला दम लागतो.' अरे, दम लागला की खाली उतर, सायकल हातात धर आणि चाल. मीसुद्धा तेच करते. चढाला घाबरू नका. आज मला लिहायचंय ते उताराबद्दल, कारण उतारावर माझ्याकडून एक चूक झाली होती आणि ती एका मुलाला भोगावी लागली.

आम्ही साताऱ्याचे. डोंगरातून सायकल चालवायची तर आमच्याकडे पहिलं नाव कासच्या रस्त्याचं. गाव सोडलं की लगेच यवतेश्वरचा घाट. वळणावर वळण, आणि मागे वळून पाहिलं की अजिंक्यतारा हळूहळू बुटका होत जातो. घाट संपला की खरी मजा. रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच जातो, थोडा चढ, थोडा उतार, पुन्हा चढ. पेट्री गाव लागतं. दोन्ही बाजूंना कारवीची दाटी, मधूनच जांभळाची, हिरड्याची झाडं. सुमारे 25 किलोमीटरवर कासचं पठार आणि जवळच तलाव. या तलावाचं पाणी साताऱ्याला येतं. पाणी आपोआप उताराने खाली येतं आणि आम्ही पायडल मारत वर जातो! पुढे रस्ता जंगलातून बामणोलीला उतरतो, थेट कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापर्यंत. तिकडे गवे असतात, म्हणून आम्ही मुलांना घेऊन कासवरूनच परत फिरतो.

फुलांच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, सायकल नकोच. एक तर तेव्हा पाऊस असतो, आणि लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक लागता लागत नाही. दुसरं म्हणजे पठारावर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्यातच गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदू अशी इवली इवली झाडं उगवतात. त्यावरून एक टायर गेलं तरी काय होईल, सांगायला नको. फुलं बघायला चालत जायचं, आणि तेही आखलेल्या वाटेनेच. सायकल डिसेंबरात.

तर अशाच एका डिसेंबरात आम्ही अकरा मुलं घेऊन गेलो होतो. सहावी-सातवीची. मागे एका पालकांचा टेम्पो. जाताना एका गावाकडे वळणारी मुरमाची गाडीवाट घेतली, कारण मुलांना 'खरं माउंटन बायकिंग' करायचं होतं. मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक मण्यांवरून घसरल्यासारखं सरकतं, म्हणून दोन जण पडले. पण हळू होते, हसत उठले. मला वाटलं, अवघड ते संपलं.

परतताना घाटाच्या तोंडाशी मी सगळ्यांना उभं केलं आणि बजावून सांगितलं, 'खाली पोचेपर्यंत ब्रेक अजिबात सोडायचा नाही. दाबूनच ठेवायचा.'

हीच ती चूक.

निम्म्या घाटात जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं, पुढे एखादा ट्रक असेल. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा ओरडला, 'बाई, ब्रेक लागत नाही!' त्याने घाबरून सायकल डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. दरीच्या बाजूला घातली नाही, हे त्याचं शहाणपण. हात मोडला. महिनाभर प्लास्टर.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दारात सगळं विसरले. त्याच्या आईने बसायला सांगितलं, चहा ठेवला आणि एकच विचारलं, 'बाई, असं होतं हे तुम्हाला माहीत होतं का?'

मी म्हटलं, 'नव्हतं.'

'मग आधी शिकून घ्या,' त्या म्हणाल्या, 'मगच पोरांना न्या.' त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग मी शिकले. आमच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी त्या सायकलचे ब्रेक रबर काढून दाखवले. काचेसारखे चकचकीत आणि कडक झाले होते. आता गणित करू या. मूल आणि सायकल मिळून 50 किलो धरा. घाटात 300 मीटर खाली उतरलो. वर चढताना पायांनी जमवलेली सगळी ऊर्जा उतरताना बाहेर पडणार. सावकाश उतरलो, तर ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. किती? जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळेल एवढी! म्हणजे घरातल्या सगळ्यांचा चहा. तेवढी आग त्या बोटभर रबरांनी आणि दोन रिमांनी सोसायची.

गंमत म्हणजे माउंटन बाइकचा जन्मच या भानगडीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथली काही तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन जंगलातल्या कच्च्या वाटेने डोंगर उतरायची. 1976 मध्ये त्यांनी तिथे शर्यती सुरू केल्या. दोन मैलांहून थोडी जास्त वाट आणि उतार 1300 फूट! त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता, मागच्या हबच्या आत. उतरता उतरता हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. पुन्हा भरणं म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. जुन्या सायकली टिकेनात, तेव्हा त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने 1977 मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल बनवली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर हा खेळच आला.

आता आम्ही कसं उतरतो ते ऐका. वळण यायच्या आधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक बेताने दाबून वेग कमी करायचा. मग सोडायचे, चाकांना वारा लागू द्यायचा. पुन्हा दाबायचे. वेग मात्र कधीच वाढू द्यायचा नाही. दर दोन-तीन वळणांनी थांबायचं. रिमला बोट लावायचं नाही, डिस्क असेल तर तिलाही नाही. चटका बसतो. नुसता हात जवळ नेला तरी धग कळते. निघण्यापूर्वी प्रत्येकाचे ब्रेक रबर मी स्वतः बघते. खाचा बुजल्या असतील तर नवे बसवल्याशिवाय ती सायकल घाटात येत नाही. दोन मुलं रडली तरी येत नाही.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा निघालो, तेव्हा मला वाटलं होतं, तो मुलगा येणार नाही. तो आठवीला दुसऱ्या शाळेत गेला होता. पण सकाळी सहाला तो पोवई नाक्यावर हजर. सोबत आई. त्यांनी माझ्याच सायकलपाशी वाकून आधी पुढचे रबर पाहिले, मग मागचे.

'हं,' म्हणाल्या, 'जा आता.'