मलमाआधी कारण शोधावे

पावसाळा स्थिरावला, की वाशीम जिल्ह्यात सोयाबीन व तुरीच्या शेतांतून निंदणाची धांदल सुरू होते. याच दिवसांत पापण्या, मान व कोपराच्या वळणावर खाज सुटून कातडी जाड व काळसर पडलेले मजूर दृष्टीस पडतात. कोणी उष्णतेस दोष देतो, कोणी फवारणीच्या औषधास. हाती येईल ते मलम चोळले जाते. चार दिवस आराम पडतो आणि पुन्हा तीच गत होते.

अंदाज चुकण्यास सबळ कारण आहे. स्पर्शजन्य ॲलर्जी तत्काळ उमटत नाही. बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसते. सोमवारी गाजरगवत उपटणाऱ्या बाईस बुधवारी खाज सुटते आणि दोष मंगळवारच्या खतावर येतो. शिवाय या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांबरोबर वाऱ्याने उडते. त्यामुळे गवतास हात न लावणाऱ्याचाही चेहरा सुजतो.

या संभ्रमावर पॅच टेस्ट, म्हणजेच पट्टी-चाचणी, हा खात्रीचा उपाय आहे. जर्मन वैद्य योझेफ यादासोन यांनी ती 1895 साली मांडली. संशयित द्रव्ये ठरावीक सौम्य प्रमाणात पाठीवर पट्टीने चिकटवितात. दोन दिवसांनी पट्टी काढून त्वचा पाहतात व पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तोवर पाठ भिजू द्यावयाची नसते. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित द्रव्यसंचात गाजरगवताचा अर्कही असतो. मात्र घरी पाला चोळून ही परीक्षा करू नये. त्याने अंग पोळण्याचा धोका असतो.

गवत उपटून टाकले की झाले, चाचणीचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु खाजेचे कारण प्रत्येक वेळी गवतच असते असे नाही. सिमेंट व चामड्यातील क्रोमियम, हातमोज्यांचे रबर, इतकेच नव्हे तर लावावयाचे मलमही ॲलर्जीस कारण होते. रबर न सोसणाऱ्यास रबरी मोजे देऊन गवत उपटावयास लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटणे होय.

खरी अडचण अंतराची आहे. मानोऱ्याच्या मजुराने एका चाचणीसाठी आठवड्यात तीनदा अकोला वा नागपूर गाठावे, ही अपेक्षा अवास्तव होय. तितक्या दिवसांची मजुरी बुडविणे त्यास परवडत नाही. 2024 साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे ही चाचणी ठरावीक वारी नियमाने व्हावी आणि तिची वार्ता कृषी सहायकांनी गावोगाव पोचवावी, हेच इष्ट आहे.

ज्यास गाजरगवताची ॲलर्जी सिद्ध होईल, त्यास निंदणातून वगळून दुसरे काम द्यावे. इतरांनीही हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, फुलावर येण्यापूर्वीच हे गवत मुळासकट उपटावे. एकेका झाडास हजारो बिया धरतात. पिकावरील रोग ओळखल्याविना जाणता शेतकरी औषध फवारीत नाही. स्वतःच्या व मजुराच्या कातडीस त्याने तोच न्याय लावावा.