टाकीत पाणी किती?



आमच्या सीताबर्डीतल्या घरापासून चालत जावे इतक्या अंतरावर झिरो माइलचा खांब आहे. शेजारी दगडी घोडे उभे आहेत. इंग्रजांच्या मोजणीखात्याने 1907 साली तो उभारला. इथून हैदराबाद किती मैल, रायपूर किती, जबलपूर किती, ते तिथे कोरून ठेवले आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा दरवर्षी मुलींना तो खांब दाखवायला न्यायची आणि अंतर कसे मोजतात ते समजावून सांगायची. पाणी मोजायला मात्र मी कधी कोणाला शिकवले नाही, कारण मलाच ते येत नव्हते. ते मी शिकले परवा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेच्या वाळवंटात, एका मोटारीतल्या स्वयंपाकघरात.

आमचा मुलगा ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहरी नोकरीला आहे. मागच्या ऑक्टोबरात त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि म्हणाला, “आई, हॉटेलात उतरायचं नाही. घरच सोबत घेऊन जाऊ.” त्याने भाड्याने कॅम्पर आणला. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. निजायला गाद्या, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, न्हाणीघर, संडास, सगळे एका गाडीत. आमचे हे आधी नाक मुरडत होते. मग एकदम म्हणाले, “अगं, ही तर आपली रेंगीच!” आणि खरेच. आमच्या लहानपणी महादेवाच्या यात्रेला निघताना बैलगाडीत कडबा, पोते अंथरून, तवा, पातेली, पिठाचा डबा घेऊन सारे घर निघायचे. ओढा दिसला की गाडी सोडायची, तीन दगड मांडायचे, भाकरी टाकायच्या. फरक एवढाच, की आमच्या रेंगीला ओढा भेटायचा आणि या रेंगीला पाण्याची टाकी होती.

टाकी किती? एकशे पंधरा लिटरच्या आसपास. म्हणजे आपले सात-आठ गुंड. माणसे चार. शेगडीच्या वर एक पट्टी होती, तिच्यावर दिवे लागत. चार दिवे म्हणजे टाकी भरलेली, एक दिवा म्हणजे सावध व्हा. वापरलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठते, संडासाचे तिसऱ्या टाकीत, आणि नेमून दिलेल्या जागी नेऊनच ते सोडायचे. रस्त्यावर एक थेंब सांडायचा नाही. म्हणजे आपण किती वापरले, हे आत येताना दिसते आणि बाहेर जातानाही दिसते.

फीनिक्सला वर्षाला सात-आठ इंच पाऊस. आपल्या नागपूरला चाळीस इंचांहून अधिक. गंमत म्हणजे तेही आपल्या पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात आणि तो जुलै ते सप्टेंबर येतो. ऑक्टोबरात आकाश निवळते, ऊन सोसवते, म्हणून फिरणारी माणसे याच दिवसांत निघतात. शहराबाहेर पडलो तशी सग्वारो निवडुंगांची रांग लागली. खांबासारखे सरळ, काही चाळीस फूट उंच. त्यांच्या अंगाला चुण्या असतात, जणू चुणीदार परकर. पाऊस पडला की झाड पाणी पिऊन फुगते आणि चुण्या उलगडतात. कोरड्यात पुन्हा आवळतात. पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. हे झाड मिळेल तेवढ्यातच वाढते, घाई करत नाही.

उत्तरेला चढत फ्लॅगस्टाफला आलो. इथून जुना 66 क्रमांकाचा रस्ता जातो. 1930 नंतरच्या दशकात ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत सलग दुष्काळ पडला. गवताळ जमिनी आधीच वारेमाप नांगरून उघड्या केलेल्या होत्या. माती वाऱ्याने उडाली, धुळीने दिवसा अंधार झाला. हजारो शेतकरी कुटुंबे मोडक्या गाड्यांवर गाद्या, भांडी, पोरे लादून याच रस्त्याने पश्चिमेला गेली. आम्ही हौसेने चाकांवर घर घेऊन निघालो होतो, ती नाइलाजाने निघाली होती. चहा पिताना मला हे सारखे आठवत राहिले.

ग्रँड कॅन्यन पाहिली. कोलोरॅडो नदीने कापलेली ही दरी 446 किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काठावर उभे राहिले तर तळातली नदी दोऱ्याएवढी दिसते. फोटोत ते येत नाही आणि लिहूनही सांगता येत नाही, म्हणून पुढे जाते. रात्री इतकी थंडी पडली की ह्यांनी मफलर, स्वेटर आणि माझी शाल, तिन्ही एकावर एक चढवले.

दुसऱ्या दिवशी त्याच नदीवरचे ग्लेन कॅन्यन धरण पाहिले. 216 मीटर उंच. आपले भाक्रा 226 मीटर आहे, म्हणजे तोलामोलाचे. 1966 साली ते पुरे झाले. मागच्या जलाशयाच्या कड्यांवर पांढरा पट्टा दिसतो, चुनकळी मारल्यासारखा. पाणी पूर्वी तिथवर होते. 2023 च्या सुरुवातीला हा जलाशय भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला. कारण मुलाने सांगितले. 1922 साली सात राज्यांनी या नदीच्या पाण्याचा वाटणीचा करार केला. ज्या वर्षांच्या मोजमापावर वाटणी ठरली, ती नेमकी चांगल्या पावसाची वर्षे होती. कागदावर वाटलेले पाणी नदीत नाहीच! आता तर ही नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतही नाही. आपण नाही का, सुगीच्या वर्षाची मिळकत धरून कर्ज काढत, तसेच हे.

मॉन्युमेंट व्हॅलीला नावाहो लोकांच्या मुलखात मुक्काम केला. लाल मातीतून लाल कडे देवळांसारखे वर आलेले. आणि इथेच माझी फजिती झाली. सूनबाई ताटे आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धुवायची. मला ते पटेना. त्या संध्याकाळी ती बाहेर गेली होती, मी नळ सोडला. तांदूळ तीनदा धुतले, कुकर घासला, ओटा धुतला, पाय धुतले. पट्टीकडे पाहिलेच नाही. रात्री दहाला पंप खोकू लागला, नळातून नुसती हवा. टाकी कोरडी. बाटल्यांतले पाणी तेवढे उरले. रात्री मला झोप आली नाही. कोणी एक शब्द बोलले नाही, म्हणून जास्तच वाईट वाटले.

सकाळी बरेच लांब जाऊन पाणी भरण्याचे ठिकाण सापडले. आमच्या पुढे एक नावाहो म्हातारी उभी होती. लांब घागरा, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, आणि जुन्या उघड्या गाडीवर मोठी प्लॅस्टिकची टाकी. नावाहो मुलखात आजही कित्येक घरांत नळ नाही, माणसे अशीच पाणी वाहून नेतात. सुनेने तिला विचारले, हे किती दिवस पुरते? ती म्हणाली, “आठवडा. पण आधी मेंढ्या पितात, मग आम्ही.” मी काल रात्रीचा प्रकार सांगायला लावला तेव्हा ती खूप हसली आणि माझ्या हातावर थोपटले. जगातल्या श्रीमंत देशात माझ्या आजीसारखी बाई मला भेटली. माझी आजीही आधी गोठ्यातली बादली भरायची, मग आमचा गुंड.

पुढे न्यू मेक्सिको राज्यात गेलो. उत्तर भागात सफरचंदाच्या, मिरचीच्या शेतांमधून मातीचे पाट जातात. त्यांना असेकिया म्हणतात. स्पॅनिश लोक चारशे वर्षांपूर्वी आले तेव्हापासूनची ही चाल. पाट गावाचा. वसंतात सर्वांनी मिळून तो साफ करायचा. शेतकरीच आपल्यातला एक माणूस नेमतात आणि पाण्याची पाळी तो ठरवतो. पाणी कमी आले तर सगळ्यांचाच वाटा कमी होतो, एकट्याचे शेत मरत नाही. मला धुळ्याकडची फड पद्धत आठवली, तिथला पाटकरी आठवला. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव आठवले. इतक्या लांबच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच तोड काढली होती.

परतीच्या वाटेवर, फीनिक्सच्या अलीकडे, एलॉय नावाच्या गावाजवळ गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना पांढराफुटुक कापूस. माझा ऊर भरून आला, जणू काटोलच्या रस्त्यालाच लागलो. पण वेचणारी बाई एकही नाही. यंत्र तास धरून चालते आणि गोल गठ्ठे मागे टाकत जाते. या भागात कापूस आहे, संत्रीमोसंबीही आहे, म्हणजे आपलाच वऱ्हाड म्हणा ना! आणि दुखणेही आपलेच. विहिरींनी पाणी इतके उपसले की एलॉयजवळची जमीनच बारा फुटांहून जास्त खाली बसली. कुठे कुठे भुईला लांबच लांब भेगा गेल्या, तिथे सावधानतेच्या पाट्या लावल्या आहेत. बसलेली जमीन पुन्हा वर येत नाही. 1980 साली सरकारने कायदा करून अशा भागांत नवी जमीन ओलिताखाली आणायला बंदी केली. कोलोरॅडोचे पाणी 541 किलोमीटरच्या कालव्याने आणून दिले. 2022 साली नदीच आटली, तेव्हा सर्वांत आधी याच शेतकऱ्यांचे पाणी तोडले. त्यांनी काही शेते पडीक टाकली आणि काही जण पुन्हा विहिरींकडे वळले.

आता हे सगळे मी का सांगते? मी परतले तेव्हा माझा धाकटा भाऊ सीताबर्डीला येऊन बसला होता. त्याची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. आंबियाची तोड सुरू होती, पण त्याचे लक्ष भावात नव्हते. पहिली बोअर कोरडी पडलेली, दुसरी दोन तास चालून दम टाकते. त्याला तिसरी घ्यायची होती, याहून खोल, आणि पैशासाठी बायकोची पोत गहाण टाकायची होती. “ताई, तू त् पाहून आली. तिकडे बोअर किती खोल राह्यते?” त्याने विचारले. मी म्हटले, “हजार फुटांच्याही आहेत. आणि त्याही आटतात.”

भावजय आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “पहिल्या बोअरनं माह्या पाटल्या नेल्या. आता पोतीवर डोळा हाय.” तो चिडला. म्हणाला, मी नाही घेतली तर शेजारी घेणारच आहे, मग माझी दुसरीही आटेल. त्याचे हे म्हणणे खोटे नाही. वरूड-मोर्शीकडे अतिउपशाचा शिक्का सरकारदरबारी कधीचाच बसला आहे, आणि तो बसला याच विचाराने. प्रत्येक जण म्हणतो, मी थांबून काय होणार!

त्या रात्री मी त्याला टाकीची गोष्ट सांगितली. विचारले, “तुझ्या विहिरीत आज पाणी किती?” त्याला सांगता येईना. तीस वर्षे बागाईत करणारा माणूस, पण विहिरीची पट्टी कधी पाहिलेली नाही. जशी मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गावी गेलो. हातहातभर अंतरावर गाठी मारून दोरी केली, टोकाला दगड बांधला. आता दर शनिवारी भावजय दोरी सोडते आणि कितव्या गाठीला ओल लागली ते कॅलेंडरवर लिहिते. अर्ध्या बागेला ठिबक होते, उरलेल्या अर्ध्याला करायचे ठरले आहे. त्याला पोत लागणार नाही, यंदाच्या संत्र्यातून भागेल. शेजाऱ्याशी तो बोलला. शेजारी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण दोरी मागून नेली.

भावाने एवढेच कबूल केले आहे, “यंदा बोअर नाही. पुढच्या सालाचं मी सांगत नाही.” मीही आग्रह धरला नाही. ज्याची बाग वाळते त्याचा जीव कसा होतो, ते मला माहीत आहे. बागेला ताण द्यायचे दिवस जवळ येत आहेत. ताण किती द्यायचा ते जाणता शेतकरी झाडाकडे पाहून ठरवतो. विहिरीकडेही तसेच पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

वाचकहो, तुमच्या घरी दोरी असेल, दगडही असेल. या शनिवारी विहिरीत सोडून पाहा. मुलांना सोबत न्या, गाठी त्यांना मोजू द्या. आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या शनिवारी त्याच्याशी ताडून पाहता येईल.