लहान ग्रंथालयांच्या नियोजनास व निधिसंकलनास आधार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव,
जिल्हा नियोजन समिती, रत्नागिरी
यांच्या सेवेशी

विषय : जिल्ह्यातील लहान सार्वजनिक ग्रंथालयांना त्रैवार्षिक नियोजन करता यावे व कायमनिधी उभारता यावा, यासाठी करावयाची तजवीज.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या आणि बव्हंशी लोकवर्गणीवरच तग धरून असलेल्या लहान ग्रंथालयांचे आम्ही विश्वस्त, कार्यवाह, ग्रंथपाल व वाचक हे निवेदन आपणापुढे सादर करीत आहोत. पैसा अपुरा पडतो हे खरेच आहे, आणि ते आपणास ठाऊकही आहे. परंतु तो केव्हा मिळेल, किती मिळेल आणि कोणत्या बाबीवर खर्च करण्यास मुभा राहील, याची शाश्वती नसल्यामुळे या संस्थांचा कारभार एका मार्चपासून दुसऱ्या मार्चपर्यंत कसाबसा ढकलला जातो, आणि पुढील तीन वर्षांत आपण काय करणार आहोत हा प्रश्न कार्यकारिणीच्या सभेत विचारलाच जात नाही. आमच्या मते या संस्थांच्या दुरवस्थेचे मूळ तेथे आहे.

या जिल्ह्याला ग्रंथालयांची परंपरा नवी नाही. रत्नागिरी शहरातील जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना 1828 सालची. म्हणजे 2028 साली त्यास दोनशे वर्षे पूर्ण होतील. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचे आहे, आणि 2013 साली शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविण्याची जबाबदारी त्याच संस्थेने शिरावर घेतली होती. वाशिष्ठीच्या 2005 च्या आणि पुन्हा 22 जुलै 2021 च्या महापुरात या वाचन मंदिराचे हजारो ग्रंथ पाण्याखाली गेले, आणि दोन्ही वेळा महाराष्ट्रभरातील वाचकांनी व देणगीदारांनी दिलेल्या ग्रंथांतून आणि द्रव्यसाहाय्यातून ते पुनश्च उभे राहिले. जुन्या आणि नामांकित संस्थेच्या हाकेला समाज ओ देतो, ही आनंदाची गोष्ट आहे; परंतु ज्याचे नाव तालुक्याबाहेर कोणी ऐकलेले नाही अशा खाडीकाठच्या एका खोलीतील ग्रंथालयावर तसाच प्रसंग ओढवला, तर त्याची वार्ता वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरही येण्याची खात्री नसते.

अशा ग्रंथालयाचे दप्तर एकदा डोळ्यांखालून घालावे. मे महिन्याच्या अखेरीस कौले शाकारून घ्यावयाची, भिंतीलगतची कपाटे हातभर पुढे ओढावयाची, खालच्या फळीवरील ग्रंथ वर चढवावयाचे, आणि सप्टेंबरात ऊन पडू लागले की बुरशी धरलेली पुस्तके अंगणात चटईवर मांडून एकेक पान सुटे करावयाचे, ही कामे ग्रंथपाल स्वतः करतो. दाखलनोंद पुस्तकात ज्या ग्रंथापुढे 'वाळवीने खराब' असा शेरा तांबड्या शाईने मारलेला असतो, तो ग्रंथ पुष्कळदा गावातल्याच कोणा शिक्षकाने निवृत्तीच्या वेळी दिलेला असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा; त्याखालील अनुदानाचे दर 2012 नंतर तब्बल दहा वर्षे गोठलेले होते, आणि त्या संपूर्ण काळात 'ड' वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाकाठी 30,000 रुपये, म्हणजे दरमहा अडीच हजार मिळत असत. त्यातील निम्मा भाग वेतनाचा धरला, तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साडेबाराशे रुपये पडत. 2022-23 मध्ये दरांत 60 टक्के वाढ झाली, त्याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत. तथापि हप्ता उशिरा आला की ग्रंथखरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरकावी लागते, मग निवड राहते बाजूला आणि विक्रेत्याकडे जे शिल्लक असेल ते गाठोडे गावी येते. अनुदानाचा पैसा असा खर्ची पडावा, हे शासनाच्या हिताचे नाही आणि वाचकाच्या तर नाहीच नाही.

निधी गोळा करणे ही याचना आहे असे मानणारे पुष्कळ सज्जन आमच्यातही आहेत. त्यांना आम्ही याच जिल्ह्याच्या सुपुत्राचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण देत असतो. हिंगण्याचे कार्य उभारण्याच्या पुष्कळ आधी, गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा अल्पसा अंश गावाच्या हितासाठी नियमितपणे द्यावा, या हेतूने त्यांनी 'मुरूड फंड' काढला होता. 1896 साली विधवांसाठी आश्रमाची संस्था स्थापन झाल्यावर सुट्या लागताच ते वर्गणीसाठी गावोगाव हिंडले, आणि पै-पैचा हिशेब त्यांनी लोकांपुढे मांडला. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास 15 लाख रुपयांची देणगी दिली. परंतु तिच्या पाठीशी चोख हिशेबाची जवळजवळ पाव शतकाची पुण्याई होती, हे विसरून चालणार नाही. मोठा दाता लहान वर्गणीदारांच्या मागून येतो. ज्या संस्थेपाशी शंभर लोकांचा नियमित विश्वास नाही, तिच्यावर एकाच मोठ्या देणगीदाराने विश्वास टाकावा अशी अपेक्षा धरणे आम्हास अनाठायी वाटते.

कोकणातील लहान संस्थेची खरी दौलत म्हणजे तिचा चाकरमानी. गणेशोत्सवाला आणि शिमग्याला तो गावी येतो, मुंबईत त्याचे ग्रामस्थ मंडळ असते, आणि पावतीपुस्तक घेऊन कोणी दाराशी गेले तर तो रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. परंतु त्याने दिलेले पाचशे किंवा हजार रुपये त्याच वर्षीच्या वीजबिलात आणि रंगकामात विरून जातात. हीच वर्गणी कायमनिधीत टाकली आणि पाच-सात वर्षांत 10 लाख रुपये जमले, तर सात टक्के व्याजाने वर्षाला 70,000 रुपये कोणापुढे हात न पसरता येत राहतील. मात्र देणगी कायमनिधीसाठी आहे असे दात्याने लेखी नमूद केल्यावाचून ती त्या निधीत धरता येत नाही, ही साधी गोष्टही पुष्कळ कार्यवाहांना माहीत नसते, आणि त्यांच्या पावतीपुस्तकात तसा रकानाच छापलेला नसतो.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. तीत कारखान्याच्या परिसरास प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयांच्या स्थापनेचा स्पष्ट उल्लेख आहे. एकच प्रकल्प अनेक वर्षे चालविण्याची मुभाही नियमांत आहे. जयगडपासून लोटे-परशुरामपर्यंत या जिल्ह्यात कारखान्यांची वाण नाही. तरीही हा पैसा लहान ग्रंथालयापर्यंत पोहोचत नाही, कारण त्यासाठी प्राप्तिकर खात्याकडील 12-ए व 80-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, त्यांचे मुदतीत नूतनीकरण, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-1 ही नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. आणि ज्या कार्यवाहाने बदललेल्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत दाखल केलेला नाही, त्याचे घोडे पहिल्याच पायरीवर अडते. हा पैसा कायमनिधीतही टाकता येत नाही. म्हणून कपाटे, इमारत, बालविभाग यांसाठी कंपन्यांकडे जावे आणि कायमनिधीसाठी गावकऱ्यांकडे, असा विवेक नियोजनात आधीच ठरलेला असावा लागतो.

या सर्वांचा विचार करून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

सर्वांत निकडीची मागणी अशी की, ग्रंथालय अनुदानाचा पहिला हप्ता सप्टेंबरअखेर आणि दुसरा जानेवारीअखेर संस्थेच्या खात्यात जमा व्हावा, यासाठी आपण जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ग्रंथालय संचालनालयाकडे आपल्या शिफारशीसह प्रस्ताव पाठवावा आणि त्याचे वेळापत्रक वर्षारंभी जाहीर व्हावे. रक्कम आहे तेवढीच राहिली तरी तारीख निश्चित झाल्याने अर्धे नियोजन आपोआप साधेल.

त्याच जोडीने, आपल्या अध्यक्षतेखाली दरवर्षी कंपन्यांचे प्रतिनिधी आणि लहान ग्रंथालये यांची एक संयुक्त बैठक, कंपन्यांचे अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी, व्हावी. तीत प्रत्येक ग्रंथालयाने दोन पृष्ठांचा त्रैवार्षिक आराखडा मांडावा. एकेका ग्रंथालयाने स्वतंत्रपणे सर्व नोंदण्या करून घेणे जेथे आवाक्याबाहेरचे असेल, तेथे तालुक्यातील एका सक्षम व नोंदणीकृत संस्थेने प्रमुख म्हणून प्रस्ताव दाखल करावा आणि बाकीच्यांनी त्यात सहभागी व्हावे, अशी रचना आपल्या कार्यालयाने आखून द्यावी. दहा खोल्यांचे मिळून एक काम झाले, तर कंपनीलाही ते हाताळण्याजोगे वाटेल.

नोंदण्यांच्या कामासाठी धर्मादाय कार्यालयाच्या व सनदी लेखापालांच्या सहकार्याने तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन शिबिरे घ्यावीत. मंडणगडच्या कार्यवाहाला एका सहीसाठी रत्नागिरीची वारी घडू नये.

जिल्हा वार्षिक योजनेत ग्रंथालयांच्या इमारती व साधनसामग्री यांकरिता जुळणी निधीची बाब असावी, म्हणजे गावाने जेवढे जमविले तेवढेच योजनेतून मिळावे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, जे 1972 साली स्थापन झाले, अशा जुळणी तत्त्वावर राज्यांच्या सहभागाने योजना चालविते, तेव्हा हे तत्त्व शासनास अपरिचित नाही. या निधीतून पूरप्रवण गावांतील ग्रंथालयांना प्रथम हक्क द्यावा, आणि दुर्मीळ ग्रंथ उंच जागी ठेवण्याची व त्यांच्या प्रतिमा करून घेण्याची व्यवस्था त्यात अंतर्भूत असावी. चिपळूणने दोनदा सोसले आहे.

या बदल्यात आम्ही काय देऊ, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. लेखापरीक्षित जमाखर्च आम्ही ग्रंथालयाच्या दारावर मराठीत लावू. त्रैवार्षिक आराखड्यातील काय झाले, काय राहिले आणि का राहिले, याचा अहवाल दरवर्षी आपल्या बैठकीत स्वतः वाचून दाखवू. आणि जी संस्था सलग दोन वर्षे हिशेब देणार नाही, तिचे नाव जुळणी निधीच्या यादीतून वगळण्यास आमची पूर्ण संमती राहील.

जिल्हा नगर वाचनालयाच्या द्विशताब्दीच्या वर्षापर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक लहान ग्रंथालयापाशी लेखी आराखडा आणि स्वतःचा कायमनिधी असावा, हे ध्येय आम्ही आमच्यापुढे ठेवले आहे. चाकरमानी गणेशोत्सवात गावी येतात आणि कायमनिधीचा आरंभ त्याच वेळी करणे सर्वांत सोयीचे असते. म्हणून येत्या गणेशोत्सवापूर्वी पहिली संयुक्त बैठक बोलवावी आणि वरील मागण्यांवरील आपला निर्णय आम्हास लेखी कळवावा, ही सादर विनंती.

आपले नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील लहान सार्वजनिक ग्रंथालयांचे विश्वस्त, कार्यवाह, ग्रंथपाल व वाचक