यजमानाचा मुलूख

मुंबई-पुण्याच्या सहलकंपन्यांच्या पत्रकांत व्हिएतनामच्या जोडीने अलीकडे कंबोडियाचे नाव नेमाने झळकू लागले आहे, आणि त्या देशाचे वर्णन तेथे बहुधा एकाच वाक्यात उरकलेले असते : जगातले सर्वांत मोठे हिंदू मंदिर येथे आहे. हे वाक्य असत्य नव्हे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात द्वितीय सूर्यवर्म्याने अंकोर वाटची उभारणी केली ती विष्णुप्रीत्यर्थच, आणि पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाचा जो शिल्पपट जवळजवळ पन्नास मीटर लांबीवर कोरलेला आहे, त्यातील देव आणि दानव ओळखण्यासाठी मराठी मनुष्याला कोणा मार्गदर्शकाची गरज पडत नाही. परंतु एवढ्याच वाक्याची शिदोरी बांधून जो प्रवासी त्या देशी उतरतो, त्याला सारे काही दिसूनही ख्मेर मनुष्य तेवढा दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मी तारकर्लीत बसून मांडतो आहे याला कारण आहे. पाहिले जाणे हाच ज्या गावाचा मोठा व्यवसाय होऊन बसला, त्या गावाला पाहणाऱ्यांच्या दृष्टीतले गुणदोष जितक्या जवळून कळतात, तितके ते खुद्द पाहणाऱ्यांनाही कळत नाहीत.

मालवणच्या दक्षिणेस, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी यांच्या मधल्या पुळणीवर वसलेले आमचे हे गाव चाळीस वर्षांपूर्वी मालवण तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, १९९७ साली सरकारने त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले, पर्यटन महामंडळाने किनाऱ्यावर निवासाची सोय केली, घराघरांवर निवास-न्याहारीचे फलक लागले, समुद्राच्या पोटात बुडी मारण्याचे शिक्षण देणारे केंद्र येथे आले, आणि २०२५ च्या जुलैत, १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग किल्ला इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत नोंदला गेला. या सर्वांमुळे गावात पैसा आला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. ज्या घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत नाहीतर गोदीत खपला आणि गणपती-शिमग्याचे चार दिवस तेवढे आपल्या माणसांत राहिला, त्या घरांतली मुले आज स्वतःच्या अंगणात राहून चार पैसे मिळवतात. त्या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि ठेवावीत असे वाटतही नाही.

माझे म्हणणे निराळे आहे, आणि ते स्पष्ट करण्यासाठी मला रापणीकडे वळले पाहिजे. होडी जाळे घेऊन आत जाते, पाण्यात अर्धवर्तुळ टाकून पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून दोन बाजूंची माणसे वाळूत टाच रोवीत, पावलापावलाने मागे सरत, ते जाळे तासन्‌तास ओढीत राहतात. शेवटी जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात येतो तेव्हा आत तारली, पेडवे, बांगडे यांची चांदी उसळत असते, किंवा शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांखेरीज काहीही नसते. दोराला ज्याचा हात लागला त्याचा मासळीत वाटा, आणि थकलेल्या म्हाताऱ्यालाही त्या वाट्यातून वगळू नये, ही रीत जुन्या माणसांनी घालून दिली व ती अद्याप पाळली जाते. सहकाराचा कायदा कागदावर येण्याच्या कितीतरी आधी या वाळूवर तो असा नांदत होता. मागे एकदा ऐन ओढणीच्या वेळी एक तरुण पाहुणा ताणलेल्या दोरावर पाय देऊन छायाचित्र काढून घेत असता एक वृद्ध रापणकर त्याला म्हणाला, “बाबा, दोरयेर पाय देव नको.” तरुणाने तत्काळ पाय काढला आणि दिलगिरीही व्यक्त केली, मात्र हा दोर कोणाचा, ही माणसे तो कशासाठी ओढतात, यांत्रिक पर्ससीन नौकांनी किनाऱ्याजवळची मासळी उपसून नेल्यापासून रापणीच्या घोळात काय उरते, यांपैकी एकही प्रश्न त्याच्या मनात उद्भवला नाही. तो तरुण असभ्य नव्हता. त्याला येथे समुद्र आहे एवढे सांगितले होते. माणसे आहेत हे कोणी सांगितले नव्हते.

देवबागचेही तसेच. खाडी आणि समुद्र यांच्या संगमाचे सौंदर्य पाहायला हजारो लोक होड्यांतून जातात, पण पावसाळ्यात समुद्र त्या चिंचोळ्या गावाचा किनारा कसा खात येतो आणि माडांच्या मुळाशी लाटा कशा येऊन ठेपतात, हे पाहायला त्या दिवसांत कोणी येत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ साली निघाली. प्रवाळ पाहण्याच्या हौसेने पाण्यात उतरलेली माणसे त्याच प्रवाळावर पाय रोवून उभी राहतात, आणि त्याच अधिसूचनेमुळे आपल्या पिढीजात मासेमारीचे काय होणार या चिंतेने मच्छीमारांनी वर्षानुवर्षे हरकती नोंदविल्या, याची त्यांना गंधवार्ताही नसते. किल्ल्याच्या तटाच्या आत आजही काही कुटुंबे राहतात, हे ऐकून पुष्कळ पाहुणे चकित होतात. वास्तविक चकित होण्यासारखे त्यात काय आहे? किल्ला हा माणसांनी राहण्यासाठीच बांधलेला होता.

आता हीच दृष्टी घेऊन आपण ख्मेरांच्या मुलखात जातो तेव्हा काय घडते ते पाहावे. त्या देशात संस्कृत आणि प्राचीन ख्मेर या दोन्ही भाषांतले शिलालेख मोठ्या संख्येने सापडले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची रचना अशी आहे की संस्कृत श्लोकांत देवतेची स्तुती, राजाचा पराक्रम आणि दात्याची वंशावळ असते, तर त्याच शिळेवरील ख्मेर मजकुरात इनाम दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा, मंदिराच्या चाकरीला लावलेल्या माणसांची नावे, बैल, तांदूळ आणि भांडी यांची मोजदाद असते. म्हणजे स्तुतिस्तोत्र एका भाषेत आणि दफ्तर दुसऱ्या भाषेत. आपला प्रवासी संस्कृत नाव ऐकून हरखतो आणि तिथेच थांबतो. ज्या नावानिशी नोंदलेल्या माणसांनी ते दगड वाहिले, त्या देवळांना तांदूळ पुरवला आणि ज्यांचे वंशज आज त्याला रिक्षातून फिरवीत असतात, त्यांची नोंद दुसऱ्या मजकुरात आहे, आणि तिच्याकडे त्याचे लक्षच जात नाही. समुद्रापलीकडे आपल्या पूर्वजांनी संस्कृती नेली या अभिमानात काही तथ्य असेलही; परंतु रामायण ऐकणे आणि अंकोर वाट बांधणे यांत जे अंतर आहे, ते ख्मेरांनी आपल्या बुद्धीने आणि हातांनी तोडले आहे. ते मंदिर पुढे बौद्ध झाले, तेथे भिक्षूंचा वावर कधी पूर्णपणे थांबला नाही, आणि आँरी मूओ या फ्रेंच प्रवाशाने १८६० साली ते पाहिले तेव्हा युरोपाने जरी त्याला शोध म्हटले, तरी आजूबाजूच्या गावकऱ्यांच्या लेखी ते हरवलेले नव्हतेच. आज त्याची आकृती त्या राष्ट्राच्या ध्वजावर आहे. दुसऱ्याच्या ध्वजावर जी वास्तू आहे तिला ‘आपलेच मंदिर’ म्हणताना सुसंस्कृत मनुष्याने जरा थबकावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

भारताने त्या देशाशी खरे नाते जोडले ते कामातून. १९८६ ते १९९३ या काळात, यादवी पुरती शमलेली नसताना, आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसे अंकोर वाटच्या दुरुस्तीवर राबली. पुढे ता प्रोहम मंदिराच्या जतनाचे काम त्याच खात्याने अंगावर घेतले. त्या ता प्रोहमच्या ११८६ च्या शिलालेखात सातव्या जयवर्म्याच्या राज्यातील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. भिंतींना विळखा घालणारी मुळे पाहण्यासाठी तेथे अलोट गर्दी होते, आणि ते साहजिक आहे. पण प्रजेच्या औषधपाण्याची तजवीज दगडावर कोरून ठेवणारा राजा मला त्या मुळांपेक्षा अधिक विस्मयकारक वाटतो.

मात्र ज्याला ख्मेर माणूस पाहायचा असेल त्याने बायोन मंदिराच्या बाहेरच्या ओवरीतील दक्षिण भिंतीपाशी जावे. वर चाम लोकांशी झालेली नौकांची लढाई आहे आणि तिच्या खालच्या पट्ट्यात बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, चुलीवर चढवलेला हंडा आहे, बाळंत होणारी बाई आहे, आणि नौकांच्या तळाशी सर्वत्र मासे आहेत, इतक्या जातींचे आणि इतके नेमके की कारागिराने ते हातात धरून पाहिले असले पाहिजेत याविषयी मालवणच्या मनुष्याला शंका राहू नये. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा होतो. टोन्ले सापच्या सरोवरात पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे चढते, सरोवर कित्येक पटींनी पसरते, आणि त्या पाण्याबरोबर येणाऱ्या मासळीवर तो देश पोसला जातो. तीच मासळी मिठात मुरवून ते ‘प्रहोक’ करतात, आणि तिच्या वासाने जो पाहुणा नाकाला रुमाल लावतो, तोच आमच्या वाळूवर सुकत घातलेल्या मासळीजवळूनही नाक दाबून जातो. १२९६ साली चीनच्या राजदूतमंडळाबरोबर आलेला चौ ता-क्वान सुमारे वर्षभर अंकोरात राहिला आणि परत जाऊन त्याने आपला वृत्तांत लिहिला. मिरवणुका आणि सोन्याचे कळस त्याने वर्णिले आहेतच; पण देवघेवीचा सारा व्यवहार बायका सांभाळतात, दुकाने नसून जमिनीवर चटई अंथरून माल मांडतात आणि त्या जागेचे भाडे अंमलदाराला भरतात, हेही त्याने टिपून ठेवले. मालवणच्या मासळीबाजारात पाटी पुढे ठेवून बसलेल्या बायकांचा भाव करण्याचा वकूब ज्याने पाहिला आहे, त्याला त्या चिनी गृहस्थाच्या निरीक्षणशक्तीविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. सातशे वर्षांनंतरही अंकोरच्या दैनंदिन जीवनाविषयी आपण त्याच्याच साक्षीवर विसंबतो, कारण परक्या मुलखात जाऊन त्याने तेथील माणसांकडे पाहिले.

त्या माणसांवर आपल्या हयातीत काय गुदरले आहे, हे जाणून घेतल्याशिवाय तेथे पाऊल ठेवू नये, असे मी म्हणेन. १७ एप्रिल १९७५ पासून ७ जानेवारी १९७९ पर्यंत ख्मेर रूजच्या राजवटीत उपासमार, रोगराई, वेठबिगार आणि हत्या यांनी सुमारे सतरा लाख माणसे मेली; नोम पेन्हमधील एका शाळेच्या वर्गखोल्यांत त्यांनी कोठड्या केल्या आणि ती तुओल स्लेंगची वास्तू आज संग्रहालय आहे. साठीच्या वरचा जो कोणी तुम्हांला तेथे भेटेल, त्याने ते दिवस काढलेले असतात. त्यातून आलेल्या दारिद्र्याच्या पोटी तेथे अनाथाश्रम दाखवण्याचा धंदा निघाला : परदेशी पाहुणे खाऊ वाटतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढतात, देणगी देतात, आणि अशा संस्थांत राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील हयात आहेत, असे युनिसेफने निदर्शनास आणले आहे. दयेपोटी दिलेला पैसा मुलाला त्याच्या आईपासून तोडतो, याहून अधिक गंभीर आरोप पर्यटनावर कोणता करता येईल?

एक आरोप आहे. २०२२ पासून अंकोरच्या संरक्षित परिसरातून सुमारे दहा हजार कुटुंबांना दूरच्या वसाहतीत हलविण्याचा घाट घातला गेला; सरकारच्या म्हणण्याप्रमाणे लोक राजीखुशीने गेले, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ च्या अहवालात ती सक्ती असल्याचे म्हटले. वारशाच्या नावाखाली वारसांनाच उठवणे हा न्याय नव्हे. आमच्या तालुक्यातही तोंडवळी-वायंगणीच्या परिसरात सी-वर्ल्डचा प्रकल्प आणण्याचे ठरले तेव्हा ग्रामस्थांनी आपल्या सातबाऱ्यावरची जमीन देण्यास कसून विरोध केला, आणि आता किल्ल्याला जागतिक मान मिळाल्यावर तटाच्या आतल्या कुटुंबांना कोणी अडचण समजू लागला, तर त्या वेळी मालवणकरांनी अंकोरची आठवण ठेवावी.

म्हणून जे कंबोडियाला जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे की जरूर जा, पण देवळांतून एक दिवस काढून टोन्ले सापच्या काठी घालवा, ख्मेर मार्गदर्शकच घ्या आणि त्याचे बोलणे मध्येच तोडून त्याला रामायण शिकवू नका, अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमपत्रिकेत असेल तर ती काढायला लावा. तुमच्या पैशातला किती भाग त्या देशातल्या माणसांच्या हाती पडतो, मुक्काम स्थानिक मालकाच्या घरी आहे की परक्या कंपनीच्या हॉटेलात, हे प्रश्न सहलकंपनीला पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा, आणि उत्तर आले नाही तर दुसरी कंपनी पाहा. तारकर्लीला येणाऱ्यांनीही हेच विचारावे. आम्ही उत्तर देऊ.