रेझोनेटर गिटार घ्यावयाची झाल्यास

आमच्या देवळांतून गिटार आतां नवी राहिलेली नाहीं. तरुणसंघाच्या सभेस ती असते, नाताळाच्या गाण्यांस असते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत तर तिच्यावांचून पान हलत नाहीं. परंतु अलीकडे वरच्या इयत्तांतील कांहीं मुलांच्या तोंडीं एक निराळेंच नांव ऐकूं येऊं लागलें आहे. त्यांस अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ब्लूज संगीत वाजवावयाचें आहे, व त्यासाठीं पोटावर चकचकीत जाळीदार झांकण असलेली ‘रेझोनेटर’ गिटार हवी आहे. मुलगा हट्ट धरतो, वडील किंमत ऐकून गप्प बसतात, आणि आई विचारते कीं ब्लूज म्हणजे तें दारूच्या गुत्त्यांतील गाणेंच ना? या तिघांसही उद्देशून चार शब्द लिहावे असें वाटलें.

माझें मत आरंभींच सांगतों. हें संगीत मुलांनीं अवश्य शिकावें; पण त्यासाठीं रेझोनेटर गिटार ही पहिली पायरी नव्हे. आणि ती घ्यावयाचीच झाली, तर पैसा चकाकीला न देतां आंतील शंकूला व दांडीला द्यावा.

हें वाद्य मुळीं ब्लूजकरितां निर्माण झालेंच नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत नाचाच्या वाद्यवृंदांतील पितळी वाद्यांपुढें साध्या लांकडी गिटारीचा आवाज बुडून जाई, आणि विजेची गिटार अद्याप बाजारांत यावयाची होती. जॉर्ज बीचम नांवाच्या वादकास मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. ती जॉन डोपेरा या मूळच्या स्लोव्हाक कारागिरानें लॉस एंजेलिस येथें सिद्ध केली. १९२७ च्या सुमारास ‘नॅशनल’ या नांवानें ती विकली जाऊं लागली. पुढें डोपेरा बंधूंनीं वेगळें होऊन ‘डोब्रो’ काढली. हें नांव ‘डोपेरा ब्रदर्स’ यांतील आद्याक्षरांचें. शिवाय त्यांच्या मातृभाषेंत त्याचा अर्थ ‘चांगलें’ असा होतो. व्यापारी नांव इतकें चपखल क्वचितच साधतें!

तिची रचना समजून घेतली म्हणजे निवड करणें सोपें जातें. साध्या गिटारींत तारांचें कंपन घोडीवाटे लांकडी पाटास पोहोंचतें. येथें तें पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या शंकूस पोहोंचतें, व तो शंकू ध्वनिक्षेपकाच्या पडद्याप्रमाणें आवाज बाहेर फेंकतो. या गिटारींचे तीन प्रकार आहेत. पहिल्यांत सुमारें सहा इंची तीन शंकू असतात. आवाज गोड व लांबणारा, आणि किंमतही तशीच. दुसरा डोब्रोचा: वाटीसारखा वर उघडणारा एक शंकू व त्यावर कोळ्याच्या पायांसारखी घोडी. याचा नाकांतला स्वर अमेरिकेंतील ग्रामीण ब्लूग्रास संगीतास शोभतो. तिसऱ्यांत सुमारें साडेनऊ इंची एकच शंकू, आणि त्याच्या टोंकावर बिस्किटाएवढी लांकडी चकती असते. आवाज खणखणीत, थोडा कर्कश, व लवकर विरणारा. ब्लूजला हाच हवा. ब्लाइंड बॉय फुलर, बुक्का व्हाइट, सन हाउस यांच्या हातीं नॅशनलच्या याच जातीच्या पत्र्याच्या गिटारी होत्या. त्यांतील ‘ड्युओलियन’ नांवाची पोलादी गिटार तर त्या कंपनीचा स्वस्तांतला माल होता. गरिबानें परवडते म्हणून घेतलेल्या त्या जुन्या गिटारींस आज संग्राहक हजारों डॉलर मोजतात, ही गोष्ट मला मोठी विनोदाची वाटते.

आईचा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. ब्लूज गुत्त्यांतून गायिलें गेलें हें खरें, व त्यांतील पुष्कळ गाणीं शाळेच्या व्यासपीठावर म्हणण्याजोगीं नाहींत हेंही खरें. पण टँपा रेड नांवाच्या गवयाची हकीकत पाहा. तीन शंकूंची नॅशनल गिटार वाजविणारा हा गृहस्थ १९२८ मध्यें ‘जॉर्जिया टॉम’ या पियानोवादकाच्या जोडीनें एका गाण्यामुळें फार गाजला, आणि तें गाणें मुळींच सोवळें नव्हतें. हा जॉर्जिया टॉम म्हणजेच टॉमस डॉर्सी, एका पाळकाचा मुलगा. १९३२ मध्यें त्याची पत्नी बाळंतपणांत वारली, पाठोपाठ तान्हें मूलही गेलें. त्या दुःखांत त्यानें जें गीत रचलें तें ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. १९६८ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीस मॅहेलिया जॅक्सन यांनीं तेंच गायिलें. जे हात एक गाणें वाजवीत होते त्याच हातांनीं दुसरें लिहिलें. सन हाउस तर तरुणपणीं स्वतः उपदेशक होता. स्तोत्रसंहितेंतील आक्रोश ज्यानें मन लावून वाचला आहे, त्याला ब्लूजमधील दुःख परकें वाटूं नये. आपल्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन हीं उपासनेंत आणलीं तीं सुरांची जात पाहून नव्हे. गाणीं निवडून द्यावीं. सुरांस दोष देऊं नये.

आतां पैशाची गोष्ट. १९८९ मध्यें कॅलिफोर्नियांत सुरू झालेली ‘नॅशनल रेझोफोनिक’ कंपनी जुन्या पद्धतीच्या उत्तम गिटारी करते, पण त्यांचें नांव आमच्या पालकांपुढें काढण्यांत अर्थ नाहीं. ग्रेच, रेकॉर्डिंग किंग अशा नांवांच्या चिनी बनावटीच्या गिटारी अमेरिकेंत कांहीं शें डॉलरांत मिळतात. भाडें व जकात चढून त्या आपल्या दारीं येईपर्यंत मध्यम स्थितींतील घरास ती रक्कम जड जाते. यासाठीं कर्ज काढूं नये, हें मी अगदीं स्पष्ट सांगतों. आणि याहूनही स्वस्त, केवळ चकाकी दाखविणारी गिटार घेणें म्हणजे तेवढे पैसे पाण्यांत घालणें होय. तिचा शंकू जाड व मुका असतो, आणि दांडी वांकली असेल तर ती दुरुस्त करून देणारा कारागीर जवळपास सांपडत नाहीं.

मग काय करावें? घरांत असलेली पोलादी तारांचीच लांकडी गिटार घ्यावी. सहावी, पांचवी व पहिली या तीन तारा एकेक स्वर उतरवाव्या. म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प सा प सा ग प असे सूर लागतात, आणि मोकळ्या तारा छेडतांच सुरांचा मेळ ऐकूं येतो. करंगळींत कांचेची किंवा धातूची नळी घालावी. ती तारांवर दाबूं नये. पडद्याच्या मागें नव्हे, तर नेमकी पडद्याच्या रेषेवर हलकेंच टेकावी. तारा फार खालीं असतील तर त्या उचलून धरणारी एक लोखंडी पट्टी दांडीच्या टोंकाशीं बसवितां येते; ती थोडक्यांत मिळते. ज्या मुलाच्या कानावर मींड व कोमल गांधाराचे संस्कार आहेत, त्याला ब्लूजचा तो कोमल व शुद्ध यांच्यामध्यें डोलणारा गांधार लवकर सांपडेल. ब्लाइंड विली जॉन्सन यानें १९२७ मध्यें ‘डार्क वॉज द नाइट’ हें भजन मुद्रित केलें तें लांकडी गिटारीवरच. १९७७ मध्यें व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत धाडलेल्या तबकडीवर तें आहे.

अशा रीतीनें वर्षभर टिकून राहिलेल्या मुलासाठीं, घरांत पैसा शिल्लक असल्यास, खुशाल रेझोनेटर घ्यावी. दांडी गोल आहे ना, हें प्रथम पाहावें. चौकोनी दांडीची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवितात. तिच्या तारा इतक्या उंच असतात कीं बोटांनीं दाबतां येत नाहींत, आणि जाहिरातींतील चित्रावरून हा भेद नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. नंतर एकशंकूच घ्यावी. अंग लांकडी असलें तरी चालेल. पत्र्याची गिटार जड असते, लहान मुलाचा खांदा अवघडतो. शंकू साधारण निघाला तर पुढें त्याच मापाचा चांगला शंकू आणून बसवितां येतो. दांडी बदलतां येत नाहीं. म्हणून दुकानांत गेल्यास प्रत्येक पडद्यावर तार दाबून ऐकावी, व दांडीवरून डोळा लावून ती सरळ आहे कीं नाहीं हें पाहावें.

गिटार घरीं आल्यावर सगळ्या तारा एकदम काढूं नयेत. शंकू आंत चिकटविलेला नसतो. तारांच्या दाबानें तो आपल्या कडेवर बसलेला असतो, व दाब गेला कीं सरकतो आणि मग खरखर ऐकूं येते. एक काढावी, तिच्या जागीं नवी चढवावी, मग दुसरीस हात घालावा. आणि झांकण उघडून शंकूवर बोट दाबून पाहण्याचा मोह धाकट्या भावंडांस होईल, त्यांना आधींच बजावून ठेवावें.