पाठदुखी कष्टाची की रोगाची?

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पाठ न दुखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. डवरणी, निंदण, दिवसभर वाकून कापसाची वेचणी, मग ज्वारीची काढणी. पाठ दुखणारच, असे आपण धरून चालतो आणि तिथेच घात होतो. सगळी पाठदुखी कष्टाची नसते. कण्याच्या सांध्यांना आतून सूज आली तरी पाठ दुखते. या रोगाला डॉक्टर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. तो ऐन उमेदीतल्या पोरापोरींना गाठतो. वर्षानुवर्षे उपचार झाला नाही, तर काहींच्या कण्याचे मणके एकमेकांना जुळतात. मग पाठ वाकत नाही आणि मान वळत नाही.

हा फरक 'किती दुखते' या प्रश्नाने कळत नाही. विचारायचे ते असे : विसाव्याने उतरते की हालचालीने? कष्टाची पाठ कामाने वाढते, पडल्यावर उतरते आणि बहुधा काही आठवड्यांत सुधारते. सुजेच्या पाठीचे उलटे असते.

२००९ साली संधिवाताच्या तज्ज्ञांनी तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या पाठीसाठी पाच खुणा सांगितल्या. दुखणे चाळिशीच्या आत सुरू झाले. ते नकळत, हळूहळू वाढले. हालचालीने उतरते. विश्रांतीने उतरत नाही. रात्री जाग येते आणि उठून फिरल्यावर बरे वाटते. पाचपैकी चार जुळल्या, तर सुजेचा संशय धरावा. सकाळी अर्धा तास किंवा जास्त अंग आखडणे, कुल्ल्यात आलटूनपालटून दुखणे, टाच दुखणे, डोळा लाल होऊन ठणकणे, घरात कुणाला हाच रोग असणे, यांनी संशय बळावतो.

आता आपल्या घरात काय होते ते पाहू. पहाटे ज्याला उठवत नाही आणि नऊ वाजता जो बरा चालतो, त्या पोराला आपण कामचुकार म्हणतो. सुनेला सांगतो, बाळंतपणानंतर कंबर दुखायचीच. त्यांचा आळस नसतो, तो रोगाचा स्वभाव असतो! आणि हा रोग पुरुषांचाच, हा समजही खोटा आहे.

दवाखान्यातही फसगत होते. साधा एक्स-रे सुरुवातीची काही वर्षे साफ येऊ शकतो. 'काहीच नाही' ऐकून माणूस परत येतो. एमआरआयमध्ये सूज आधी दिसू शकते. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी मदतीची आहे, पण ती असणाऱ्या बहुतेकांना हा रोग होत नाही. तेव्हा एकट्या तपासणीवर निकाल नको.

उपचार आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम हा त्याचा पाया. गोळ्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. त्यांनी भागले नाही तर पुढची इंजेक्शने आहेत, पण ती महाग आहेत. बिननावाच्या पुड्या आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड हा उपचार नव्हे. अंथरुणावर पडून राहणे हाही नव्हे.

एक वेगळा इशारा. पाठदुखीबरोबर ताप येतो आणि वजन घटते, तर कण्याचा क्षयही असू शकतो. तपासणी लांबवू नये. पायातली शक्ती गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमचे म्हणणे एवढेच. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर उचलून पाहतो. घरच्या माणसाच्या पाठीला निदान पाच प्रश्न तरी विचारा. आणि हेच पाच प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक तरुण पाठदुखीला विचारले गेलेच पाहिजेत, संशय आला तर संधिवाताच्या डॉक्टरकडे चिठ्ठी मिळालीच पाहिजे, ही मागणी जिल्ह्याच्या बैठकीत मांडा. प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. न विचारल्याची किंमत मात्र एका तरण्या माणसाचा कणा आहे.